पाणचक्कीचे पाणी आणि आपण



आपल्या शहरात पाहुणा आला की त्याला काय दाखवावे, याचा विचार आपल्याला फारसा करावा लागत नाही. एक दिवस वेरूळ-खुलताबाद, एक सकाळ बीबी का मकबरा आणि परत येताना अर्धा तास पाणचक्की, हा क्रम ठरून गेलेला आहे. त्या अर्ध्या तासात पाहुणा हौदातील मासे पाहतो, भिंतीवरून कोसळणारी पाण्याची चादर पाहतो, वडाच्या सावलीत थोडा टेकतो आणि "किती शांत जागा आहे!" असे म्हणून उठतो. आपणही मान डोलावतो आणि घरी येतो.

ही शांतता कोठून आली, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. ती निसर्गाने दिलेली नाही. पाणचक्कीजवळ ना नैसर्गिक धबधबा आहे, ना झरा. शेजारून वाहणारी खाम नदी पावसाळ्याचे दिवस सोडले तर स्वतःच तहानलेली असते. म्हणजे ते पाणी, ती झाडे, तो गारवा आणि ती शांतता हे सर्व माणसांनी विचारपूर्वक आणलेले, बांधलेले आणि पुढच्या पिढ्यांसाठी ठेवलेले आहे. ते कोणी आणले, कसे आणले, कोणासाठी ठेवले आणि आज त्याची जबाबदारी कोणावर आहे, एवढाच या लेखाचा विषय आहे. तो वाचून आपण मुलांना घेऊन एकदा पुन्हा पाणचक्कीला जावे, ही इच्छा आहे.

खडकावर वसलेले गाव

पाणचक्कीची गोष्ट समजण्यासाठी तिच्याही आधी सुमारे एक शतक मागे जावे लागते. ज्या जागी आज छत्रपती संभाजीनगर उभे आहे, तेथे खडकी नावाचे गाव होते. नावातच जमिनीचा स्वभाव सांगितला आहे. १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने येथे आपली राजधानी वसवली. पुढे १६२६ मध्ये त्याचा मुलगा फतेह खान याने तिचे नाव फतेहनगर केले; १६५३ मध्ये शहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून येथे राहू लागल्यावर औरंगाबाद हे नाव आले; आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव झाले. चार नावे झाली, पण या चारही नावांच्या गावापुढचा प्रश्न एकच राहिला. तो म्हणजे पाण्याचा.

मलिक अंबर हा मूळचा हबशी, म्हणजे इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादसारख्या शहरांतून फिरत फिरत दख्खनमध्ये आला, अहमदनगरच्या निजामशाहीतील वजीर चंगेज खान याच्या पदरी राहिला आणि आपल्या बुद्धीच्या व तलवारीच्या जोरावर राज्याचा कारभारी झाला. जमीनमहसुलाची त्याची पद्धत आणि मोगलांविरुद्धचा त्याचा गनिमी कावा इतिहासाच्या पुस्तकांत आपण वाचतोच. त्याच्या सैन्यात मराठे सरदार मोठ्या संख्येने होते. खडकीतील मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही पुऱ्यांची नावे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या सरदारांवरून पडली असे सांगितले जाते. हबशी वजीर, मराठे सरदार, दख्खनी मुसलमान आणि स्थानिक रयत अशा सर्वांचे मिळून हे गाव होते.

गाव वसवायचे म्हणजे घरे, मशिदी, देवळे, बाजार आणि वेशी. पण या सर्वांच्या आधी पाणी. खाम नदीवर भरवसा ठेवता येत नव्हता आणि खडकात विहिरी खोदणे सोपे नव्हते. मलिक अंबराने त्यावर जो उपाय केला तोच 'नहर-ए-अंबरी' होय. उत्तरेकडील डोंगरांतून पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या थरांतून सावकाश पुढे सरकत असते. हे झिरपणारे पाणी जमिनीच्या पोटात खोदलेल्या बांधीव बोगद्यात गोळा करायचे, त्या बोगद्याला अगदी बेताचा उतार द्यायचा आणि पाणी आपल्या वजनानेच गावापर्यंत चालत येईल अशी व्यवस्था करायची. वाटेत ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडे ठेवली, म्हणजे हवा खेळती राहते आणि गाळ काढायला माणूस आत उतरू शकतो. पाणी जमिनीखालून येत असल्याने उन्हाने आटत नाही आणि वाटेत घाण होत नाही.

जमिनीखालून पाणी आणण्याची ही विद्या इराणात फार जुनी आहे. त्याच दशकात बुऱ्हाणपूरला मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानान याच्या सुभेदारीत अशीच भूमिगत पाणीयोजना झाली. ती आजही कुंडी भंडारा या नावाने पाहता येते. आता गंमत पाहा. हिंदी दोहे लिहिणारा रहीम तो हाच, आणि १६१६ मध्ये मलिक अंबराचा पराभव करून खडकी उद्ध्वस्त करणारे सैन्य याच रहीमच्या मुलाच्या हुकमतीखाली होते. दोन्ही पक्ष एकमेकांची गावे जाळत होते आणि दोन्ही पक्ष आपापल्या गावात एकाच तऱ्हेने पाणी आणत होते. त्या लढायांचा जय-पराजय आज कोणाच्या उपयोगाचा राहिलेला नाही. पाणी मात्र पुढे चारशे वर्षे उपयोगी पडले. इतिहासात कोणती कामे टिकतात, याचा हा साधा हिशेब विद्यार्थ्यांनी मनात ठेवावा.

मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. त्याची पद्धत मात्र राहिली. पुढे मोगल काळात आणि आसफजाही काळात शहरात आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर ही त्यांपैकीच एक.

मुसाफिर नावाचा माणूस

सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबाद हे दख्खनमधील मोठे शहर होते. औरंगजेबाच्या फौजा दख्खनमध्ये असल्यामुळे दूरदूरच्या मुलखांतील शिपाई, कारागीर, व्यापारी आणि फकीर येथे येत. बुखाऱ्याजवळच्या घजदवान गावचे बाबा शाह मुसाफिर हे त्यांच्यापैकीच एक. नक्शबंदी परंपरेतील हे सूफी आपले गुरू बाबा पलंगपोश यांच्या मार्गदर्शनाखाली येथे राहिले. गुरू फौजेबरोबर फिरत असत. शिष्याने मात्र खाम नदीच्या काठी आपला तकिया मांडला. जन्मभर प्रवास केलेला माणूस, ज्याचे नावच मुसाफिर, तो अखेर इतरांच्या मुक्कामाची सोय करीत एके ठिकाणी स्थिरावला. बाबा पलंगपोश १६९९ मध्ये आणि बाबा शाह मुसाफिर १७१५ मध्ये वारले. दोघांच्या कबरी याच आवारात आहेत.

नक्शबंदी सूफींचा एक दंडक असा, की ईश्वराचे स्मरण मोठ्याने नव्हे, तर मनातल्या मनात करावे. त्यांचा दुसरा दंडक 'खलवत दर अंजुमन', म्हणजे माणसांच्या गर्दीत राहूनही मनाने एकांतात असावे. हे दोन दंडक ध्यानात ठेवून पाणचक्कीकडे पाहिले की जागेचा अर्थ लागतो. हा तकिया जंगलात किंवा डोंगरावर नव्हता. तो भरवस्तीच्या कडेला, वाहत्या रस्त्यावर, नदीवरील पुलाच्या तोंडाशी होता. येथे शिपाई येत, गरजू येत, प्रवासी येत, आजारी येत. गर्दी होतीच. त्या गर्दीत शांतता राहावी म्हणून पाणी, सावली आणि भिंतींचा आडोसा होता.

मध्य आशियातील शहरांत अशी रचना परिचित होती. बुखाऱ्यात १६२० मध्ये बांधलेला 'लबे हौज' अजून आहे. त्या नावाचा अर्थच 'हौदाचा काठ'. मध्ये पाण्याचा हौद, काठावर तुतीची जुनी झाडे आणि भोवती खानकाह व मदरसा. हौद, झाड, उपासना आणि विद्या या चार गोष्टी एकाच अंगणात ठेवण्याची त्या मुलखाची रीत होती. आपल्या पाणचक्कीतही याच चार गोष्टी एका अंगणात दिसतात. फक्त तुतीच्या जागी दख्खनचा वड आहे.

बाबा मुसाफिर यांच्यानंतर त्यांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी हा तकिया वाढवला. ते १७६२ पर्यंत हयात होते. पाणचक्कीशेजारचा महमूद दरवाजा त्यांच्याच नावाने ओळखला जातो असे सांगतात. मशीद, मदरसा, कचेरी, सराई अशा इमारती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभ्या राहत गेल्या. या कामांच्या संदर्भात निजाम-उल-मुल्क आसफजाह याच्या दरबारातील तुर्कताज खान आणि हौद व कारंजी बांधणारा जमील बेग खान यांची नावे घेतली जातात. सरदारांनी पैसा दिला, फकिरांनी जागा सांभाळली आणि नाव न राहिलेल्या गवंड्यांनी, कुंभारांनी व बेलदारांनी हाताने काम केले. पाणचक्कीला गेल्यावर या तिसऱ्या वर्गालाही आठवावे.

पाणी वर कसे चढते?

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्या उपयोगाचा भाग. पाणचक्कीचे पाणी शहराच्या उत्तरेकडून, हर्सूलकडील डोंगराळ भागातील उगमापासून दोन-तीन कोस चालत येते. मग ते पाणचक्कीत येऊन उंच भिंतीच्या माथ्यावरून खाली कसे पडते? जमिनीखालून आलेले पाणी भिंतीच्या डोक्यावर कोणी चढवले? तेथे पंप नाही, बैलांची मोट नाही, वीज तर त्या काळी नव्हतीच.

उत्तर घरच्या घरी मिळते. दोन-तीन हात लांबीची पारदर्शक रबरी नळी घ्या, तिच्यात पाणी भरा आणि दोन्ही टोके वर धरून नळीला इंग्रजी 'यू' अक्षराचा आकार द्या. दोन्ही बाजूंचे पाणी एकाच पातळीवर येऊन थांबेल. आता एक टोक थोडे खाली करा. त्या टोकातून पाणी बाहेर पडेल. बंद नळीतील पाणी वाटेत कितीही खाली उतरले, तरी दुसऱ्या बाजूला ते आपल्या उगमाच्या पातळीजवळ चढू पाहते. पाणचक्कीत नेमके हेच केले आहे. उगम उंचावर, मधली वाट खालून आणि शेवटची भिंत उगमापेक्षा ठेंगणी. भाजलेल्या मातीचे नळ एकमेकांत बसवून, सांधे चुन्याने पक्के करून, वर बांधकाम करून ही बंद वाट तयार केली.

पण अशा लांब वाटेत दोन अडचणी येतात. नळात हवा अडकली तर पाणी अडते. आणि गाळ साचला तर नळ बुजतो. म्हणून वाटेत अंतराअंतरावर चुनेगच्ची बांधकामाचे उंच मनोरे उभारले. पाणी एका बाजूने मनोऱ्यात वर चढते, तेथे मोकळे होते, हवा निघून जाते, गाळ तळाशी बसतो आणि दुसऱ्या बाजूने पाणी पुन्हा खाली उतरून पुढे जाते. शहरात कोठे कोठे असे एकटे उभे राहिलेले मनोरे दिसतात. अनेक लोक त्यांना पडक्या वाड्याचा खांब समजतात. तो खांब नव्हे, पाण्याचा विसावा होता. तुमच्या वाटेत असा मनोरा दिसला, तर ओळखा आणि घरच्यांना दाखवा.

एकाच पाण्याची अनेक कामे

आता भिंतीवरून पडणाऱ्या पाण्याच्या मागे मागे जाऊ. उंचावरून येणाऱ्या या पाण्याच्या जोराचे पहिले काम म्हणजे चक्की. जात्याच्या खालच्या बाजूस उभा दांडा आहे आणि त्याला पाती बसवलेली आहेत. जोराने आलेले पाणी पात्यांवर आदळते, दांडा फिरतो आणि त्याच्याबरोबर वरचे जाते फिरते. आमच्या आज्या पहाटे उठून दोन हातांनी जे ओढत, ते येथे पाणी ओढत असे. या चक्कीवर तकियातील फकीर, मदरशातील विद्यार्थी आणि सराईतील प्रवासी यांच्यासाठी धान्य दळले जाई. मुलांना शिकवायचे तर त्यांच्या भाकरीची सोय आधी केली पाहिजे, हे त्या काळच्या लोकांना पुरते ठाऊक होते. वसतिगृह चालवणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दुसरे काम हौदाचे. पाणी मोठ्या लांबट हौदात साठते. तेथे कारंजी आहेत, मासे आहेत, मशिदीत येणाऱ्यांना वजूची सोय आहे. तिसरे काम डोळ्यांना दिसत नाही. या हौदाच्या खाली नदीच्या बाजूला एक प्रशस्त दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत. डोक्यावर इतके पाणी असल्याने वैशाखातही ते दालन थंड राहते. दालनाचे खांब आणि छत हा सारा भार तीन शतकांच्या जवळपास पेलत आले आहेत. पाणी साठवणे आणि घर थंड ठेवणे ही दोन्ही कामे एकाच बांधकामात साधणारा तो गवंडी आज असता, तर त्याला अभियांत्रिकी महाविद्यालयात व्याख्यानाला बोलावले असते.

चौथे काम झाडांचे. आवारातील मोठा वड सहाशे वर्षांचा असल्याचे सांगतात. झाडाचे वय काढणे तज्ज्ञांकडे सोपवू. पण त्याच्या पारंब्यांखाली कितीतरी पिढ्या बसल्या आहेत, यात शंका नाही. आणि पाचवे काम नदीचे. चक्की फिरवून, हौद भरून, झाडे पाजून उरलेले पाणी खाम नदीत जाते. एकही घोट वाया जात नाही, आणि पाणी जसे घेतले तसे परत केले जाते. आपण ज्याला पाणचक्कीची शांतता म्हणतो, ती या सगळ्या कामांच्या नंतर येते. पाणी आधी कष्ट करते, मग शोभा देते.

तकियातील विद्या

या जागेचा विद्येशी असलेला संबंध आपल्या वाचकांना विशेष अभिमानाचा वाटेल. येथे केवळ मदरसा नव्हता, हस्तलिखितांचे ग्रंथालयही होते. अठराव्या शतकातील थोर पंडित मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी (१७०४-१७८६) हज करून परतल्यावर १७३९ च्या सुमारास औरंगाबादेत आले आणि बाबा मुसाफिर यांच्या तकियात काही वर्षे राहिले. अरबी व फारसी या दोन्ही भाषांवर त्यांचे प्रभुत्व होते. 'सुब्हतुल मरजान' या अरबी ग्रंथात त्यांनी हिंदुस्थानचे महत्त्व, येथील विद्वानांची चरित्रे आणि भारतीय काव्यशास्त्रातील कल्पना अरबी वाचकांना समजावून सांगितल्या. येथल्या विद्येचा परिचय अरब जगाला करून देणारा माणूस याच पाण्याच्या काठी राहिला होता.

आझादांची आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. त्यांचे मित्र समसामुद्दौला शाहनवाज खान हे मोगल सरदारांच्या चरित्रांचा मोठा ग्रंथ लिहीत होते. १७५८ मध्ये राजकीय धामधुमीत त्यांचा खून झाला, त्यांचे घर लुटले गेले आणि ग्रंथाची पाने विखुरली. आझादांनी ती पाने शोधून काढली, जुळवली आणि मित्राचा ग्रंथ सिद्ध केला. तो 'मआसिरुल उमरा' आज मोगल इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला टाळता येत नाही. आझादांची कबर खुलताबादला आहे.

हे सर्व चालत होते ते 'वक्फ'च्या आधारावर. वक्फ म्हणजे आपली मालमत्ता लोकहितासाठी कायमची बांधून देणे. ती पुन्हा विकायची नाही, वाटून घ्यायची नाही, तिचे उत्पन्न ठरलेल्या कामालाच लावायचे. माणूस गेल्यावरही ज्याचे पुण्य चालू राहते त्याला 'सदका-ए-जारिया' म्हणतात. 'जारिया' या शब्दाचा अर्थच वाहते. विहीर, झाड आणि उपयुक्त विद्या ही त्याची नेहमीची उदाहरणे. पाणचक्कीत तिन्ही एकत्र आहेत. महाराष्ट्राच्या वक्फ मंडळाने आपले कार्यालयही याच आवारात थाटले, हे या दृष्टीने औचित्याचेच म्हणावे लागेल.

विद्येचा हा वारसा या परिसरात खंडित झाला नाही. पाणचक्कीपासून थोड्या अंतरावर नागसेनवन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने येथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. ज्यांना शतकानुशतके पाणवठ्यावरही मज्जाव होता, त्यांच्या मुलांसाठी त्यांनी विद्येचे वन उभे केले. पुढे १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झाले आणि १९६३ मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकाराने रौझा बागेत मौलाना आझाद महाविद्यालय सुरू झाले. वन, बाग आणि विद्या यांचे नाते या शहराने तीन शतके जपले आहे.

आज काय चित्र आहे?

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. नहरींची वाट जमिनीखालून असल्याने ती कोणाच्या डोळ्यांपुढे नसते. आणि जे डोळ्यांपुढे नसते, त्याची आठवण राहत नाही. शहर वाढले. पाया खोदताना, रस्ता करताना, नळ टाकताना जुन्या नहरी ठिकठिकाणी फुटल्या, कोठे त्यांच्यावर बांधकामे झाली, कोठे तोंडांत कचरा गेला. उगमाच्या भागात कूपनलिका वाढल्या, तसे मुरणारे पाणीही घटले. कमी पावसाच्या वर्षी पाणचक्कीची धार बारीक होते, तेव्हा आपण हळहळतो. पण तिची दुखापत उगमाकडे आणि वाटेत झालेली असते. खाम नदी तर अनेक वर्षे नाल्यासारखी वागवली गेली. २०२१ पासून तिच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले गेले, काठ स्वच्छ झाले, झाडे लागली, ही समाधानाची गोष्ट आहे. हे काम चालू राहिले पाहिजे.

दुसरीकडे आपल्या घरातील अवस्था पाहा. पुंडलिकनगरच्या जलकुंभाकडे डोळे लावून बसलेल्या आयाबहिणींना पाण्याची किंमत सांगण्याची गरज नाही. गेल्या दशकात या भागाने नळाला आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा पाणी आलेले पाहिले आहे. टँकरच्या रांगा पाहिल्या आहेत. रात्री दोन वाजता नळ सुटला म्हणून परीक्षेच्या दिवसांत मुलींना उठून पाणी भरताना पाहिले आहे. शहराचे पाणी येते ते पैठणच्या जायकवाडी धरणातून. हे धरण १९७६ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. ते शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आणि शहरापेक्षा खालच्या पातळीवर आहे. म्हणजे प्रत्येक घागर पंपाने उचलून वर आणावी लागते आणि त्या उचलण्यासाठी वीज लागते. २०२० च्या डिसेंबरात नव्या पाणीयोजनेचे भूमिपूजन झाले, तेव्हा तिचा खर्च १६८० कोटी रुपये सांगण्यात आला होता आणि तो पुढे वाढत गेला.

याचा अर्थ असा नव्हे की लाखो लोकांच्या आजच्या शहराची तहान मलिक अंबराच्या नहरीने भागेल. तसे म्हणणे भोळेपणाचे होईल. जायकवाडीचे पाणी लागणारच. पण उतारावरून आपल्या पायांनी चालत येणारे, विजेचा एक पैसाही न मागणारे पाणी बुजू द्यायचे आणि मग दुरून खर्चिक पाणी उचलून आणायचे, हा व्यवहार शहाणपणाचा नाही. झाडांना, बागांना, धुण्याभांड्यांना तरी जुन्या नहरींचे पाणी वापरता आले, तर तेवढा भार कमी होईल. त्यासाठी आधी त्या नहरी जिवंत राहिल्या पाहिजेत.

मुलांना घेऊन असे जावे

पालकहो, पुढच्या एखाद्या सुटीच्या दिवशी सकाळी लवकर निघा. पुंडलिकनगरहून क्रांती चौक, मिल कॉर्नर असे करीत भडकल दरवाजापाशी थांबा. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून मलिक अंबराने १६१२ मध्ये तो बांधला असे सांगतात. या दरवाजाला कमानी आहेत, पण जवळच वाहत आलेल्या नहरींना कोणी स्मारक बांधले नाही, हे मुलांना सांगा. तेथून घाटी रुग्णालयाजवळून पाणचक्कीकडे जा.

आत गेल्यावर लगेच फोटो काढू नका. पाच मिनिटे हौदाच्या काठी गप्प बसा. मुलांनाही बसवा. आधी पाण्याचा आवाज ऐका. मग त्यांना चार प्रश्न द्या आणि उत्तरे शोधायला सोडा. पाणी कोठून येते? वाटेत काय काय काम करते? शेवटी कोठे जाते? आणि हे सर्व दुरुस्त कोण ठेवते? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे आवारात फिरून मिळतील. चौथ्याचे उत्तर घरी आल्यावर रात्रीच्या जेवणाला बसून सर्वांनी मिळून शोधावे.

चक्की जवळून पाहा. हौदाखालच्या दालनाकडे जाऊन बाहेरच्या आणि आतल्या उष्णतेतील फरक अंगावर घ्या. नदीच्या बाजूने वळून संपूर्ण बांधणी पाहा. ती समोरून दिसते त्यापेक्षा मागून अधिक समजते. वडाच्या फांद्यांवर नाव कोरू नये, हौदात पिशव्या-बाटल्या टाकू नयेत, माशांना वाटेल ते खाऊ घालू नये, हे सांगायला लागू नये, तरी सांगावे. दर्ग्याजवळ आणि मशिदीजवळ आवाज बेताचा ठेवावा. येथे सर्व धर्मांचे लोक येतात. ज्याने ही जागा वसवली त्याने येणाऱ्याला मुक्काम विचारला, जात नव्हे. आपणही तोच रिवाज पाळावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम आहे. ज्यांचे आजी-आजोबा जुन्या शहरात राहत होते, त्यांनी त्यांना विचारावे की त्यांच्या मोहल्ल्यात नहरीचे पाणी कोठे येत असे, हौद कोठे होता, मनोरा कोठे होता. ते एका वहीत लिहावे, शक्य तर नकाशा काढावा. आपल्या संस्थेच्या भूगोल आणि इतिहास शिक्षकांनी अशा वह्या एकत्र केल्या, तर दोन-तीन वर्षांत शहराच्या विसरलेल्या पाण्याचा एक चांगला नकाशा तयार होईल. आझाद बिलग्रामींनी मित्राच्या ग्रंथाची विखुरलेली पाने गोळा केली. आपल्या नहरीही तशाच विखुरलेल्या आहेत. त्या आठवणारी माणसे आहेत तोवर हे काम झाले पाहिजे.

आपण या पाण्याचे वारस आहोत. वारसाला दोन वाटा असतात. एक, मिळाले ते वापरून संपवणे आणि नंतर पूर्वजांची थोरवी गात बसणे. दुसरी, मिळाले त्यात थोडी भर घालून पुढे देणे. मलिक अंबराने इराणातील विद्या घेतली आणि खडकात पाणी आणले. मुसाफिर बाबांच्या माणसांनी मलिक अंबराची रीत घेतली आणि तिला चक्की, हौद व मदरसा जोडला. आपल्या पिढीने काय जोडले, असे उद्या कोणी विचारील. निदान उगम बुजला नाही, मनोरा पाडला नाही, नहरीत कचरा टाकला नाही, एवढे तरी आपल्याला मान वर करून सांगता यावे. आणि त्याहून थोडे अधिक करता आले, तर वडाखाली बसणारी पुढची मुले दुवा देतील.